बंदरावर एक, बाकीकडे दुसरं

फुसाए-सान अजून आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मी त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की नवख्या माणसाला वाटतं, बाई गेल्या. बाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी माझ्या दुकानातून टोफू नेतात. दुकान माझ्या आजोबांपासूनचं. मी नोनाका. पहाटे टोफू करायचा आणि दिवसा छोट्या गाडीवरून नागुरा या आमच्या बंदराच्या गावातल्या गल्ल्यांतून विकायचा, हा माझा धंदा. शिवाय चार वर्षांतून एकदा, मतदानाच्या आधीचे पाच दिवस, मी प्रचाराची गाडी चालवायचो. त्या गाडीत माझ्या मागच्या सीटवर पांढरे हातमोजे घालून, माइक धरून फुसाए-सान बसायच्या.

प्रचाराच्या गाडीतून बोलणारी बाई म्हणजे कोकिळा. गावात कोकिळा पुष्कळ झाल्या, पण फुसाए-सानसारखी एकच. अठराव्या वर्षी त्या बसमध्ये कंडक्टर म्हणून लागल्या. डोंगरातल्या वाड्यांपासून बंदरापर्यंतचा प्रत्येक थांबा त्या अशा पुकारायच्या की झोपलेला माणूस आपल्याच थांब्याला जागा व्हायचा. पुढे कंपनीने दाराशी पैसे टाकायची पेटी बसवली आणि कंडक्टर बायकांना घरी पाठवलं. नवरा माकूल पकडणाऱ्या मासेमारी बोटीवर, वर्षातले सात महिने बाहेर. तेव्हा कुणीतरी त्यांना प्रचाराच्या गाडीत बसवलं, आणि पुढची पंचवीस वर्षं गावातला कुठलाही उमेदवार आधी फुसाए-सानना विचारायचा, मग बायकोला.

सकाळी आठ ते रात्री आठ त्या बोलायच्या, आवाज बसायचा नाही. शिवाय हात करणारा एकही माणूस त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. “निळ्या छत्रीवाल्या मावशी, आभारी आहोत! दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा, सांभाळून, वाकू नका!” आजोबा खूश. मत पडलंच समजा.

एकोणीसशे नव्याण्णवमध्ये हायामी साहेब नगराध्यक्षपदाला उभे राहिले. नगर कार्यालयात पाणीपुरवठ्याच्या खात्यात ते कारकून होते. माणूस सरळ. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. प्रचाराचं कार्यालय बंदरावर, जाळी ठेवायच्या शेडमध्ये. कोळ्यांच्या बायका भाताचे गोळे करून आणायच्या, कुणी सुकी मासळी द्यायचं, कुणी गाडीत डिझेल भरायचं. पाच दिवस आम्ही मजेत हिंडलो आणि सहाशे मतांनी पडलो.

दोन हजार तीनला साहेब पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी दोमोतो मालक मागे आले.

दोमोतोंची कंपनी म्हणजे रस्ते, पूल, काँक्रीट. गावातल्या दर तिसऱ्या घरातला माणूस तिथे कामाला. कंपनीने उमेदवाराला थेट पैसे द्यायला कायद्याने बंदी. म्हणून कंपनीतली माणसं आपापल्या नावाने, आपखुशीने देत. आणि सगळ्यांची खुशी एकाच आठवड्यात उफाळून येई. हॉटेलात साहेबांच्या सत्कारासाठी तिकीट लावून मेजवानी ठेवली. दोमोतोंकडून कामं घेणाऱ्या छोट्या ठेकेदारांनी दहा-दहा तिकिटं घेतली आणि येताना दोघं-तिघंच आले. इतकं खाणं उरलं की मी आणि फुसाए-सान डबे भरून घरी घेऊन गेलो. कार्यालय शेडमधून उठून नव्या रस्त्यालगत दोमोतोंच्या गोदामात गेलं. दहा फोन आले. इस्त्री केलेली जाकिटं घालून चाळीस कामगार आले, सगळे रजा टाकून. साहेब रोज सकाळी कंपनीच्या आवारात जाऊन कामगारांच्या रांगेसमोर वाकायचे.

दोमोतो कधी पुढे बसले नाहीत. मागे, रॉकेलच्या शेगडीजवळ, घडीच्या खुर्चीवर, जुना तपकिरी स्वेटर घालून बसायचे. नकाशा पसरून गाडीचा रस्ता ठरत असायचा. कुणी म्हणायचं, आधी बंदर घेऊ. शेगडीकडून एक खाकरणं ऐकू यायचं. नकाशावरचं बोट आपोआप नव्या वसाहतीकडे सरकायचं.

त्या वर्षी गावात एकच विषय होता, दवाखाना. बंदरावरचा दवाखाना जुना झाला होता आणि तो वर ताकादाईच्या माळावर जाणार अशी कुजबुज होती. बंदर म्हणजे सगळी म्हातारी माणसं. माळ आठ किलोमीटर, तोही चढाचा. साहेबांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं, “बंदरावरचं रुग्णालय बंदरावरच राहील.” फुसाए-साननी ते पहिल्या दिवशी बंदराच्या उतारावर म्हटलं आणि दारं धडाधड उघडली. बायका हातातली फडकी हलवत बाहेर आल्या. वाकामे, म्हणजे समुद्रातलं खायचं शेवाळ, विकणाऱ्या इने आजी, तेव्हा सत्त्याहत्तरच्या, गाडीबरोबर चार पावलं पळाल्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोमोतोंच्या मॅनेजरने नवा कागद आणून दिला, छान टाईप केलेला. ते वाक्य गेलं होतं. त्या जागी होतं, “रुग्णालयाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी झटू.”

गाडीत साहेब पुढे माझ्या शेजारी बसले होते. फुसाए-साननी मागून दोन्ही कागद पुढे केले.

“साहेब, यातलं कुठलं म्हणू?”

साहेबांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. कान लाल.

“बंदरावर पहिलं म्हणा,” ते म्हणाले. “बाकीकडे दुसरं.”

मी आरशात बघितलं. फुसाए-सान खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी दोन्ही कागदांची घडी घातली, एक डाव्या खिशात, एक उजव्या, आणि माइक चालू केला. पुढचे तीन दिवस त्यांनी तसंच केलं. मीही गाडी तशीच चालवली. वळण आलं की त्या खिसा बदलायच्या.

साहेब निवडून आले. सव्वा वर्षात जाहीर झालं की नवा दवाखाना ताकादाईच्या माळावर होणार. तिथली जमीन दोमोतोंनी आधीच घेऊन ठेवली होती. बांधकामही त्यांच्याच कंपनीला मिळालं. बेकायदा काही नव्हतं. सगळे कागद बरोबर होते, मी मुद्दाम विचारलं होतं.

दवाखाना वर गेला त्या हिवाळ्यात मी बंदराच्या पायऱ्यांशी टोफू विकत होतो. फुसाए-सान इने आजींकडे वाकामे घेत होत्या. आजींनी पुडा बांधला, पण हातातून सोडला नाही.

“फुसा, माझी साखर वाढलीये. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं म्हणतात. टॅक्सी परवडत नाही. मागच्या खेपेला गेलेच नाही.”

“आजी, मी काय…”

“थांब, बोलू दे. मी हायामीला ओळखत नाही. दोमोतोला लांबून बघितलंय. मी तुला ओळखते. बसमध्ये माझी टोपली तू चढवायचीस. तू म्हणालीस दवाखाना हलणार नाही, म्हणून मी मत दिलं. पायऱ्या चढून दिलं.”

आजी ओरडल्या नाहीत. त्यांनी पुडा दिला आणि वर मूठभर वाकामे जास्तीचं घातलं. फुसाए-सान तो पुडा छातीशी धरून माझ्या गाडीपर्यंत आल्या.

“नोनाका, मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “दोन कागद हातात आले तेव्हाच ठाऊक होतं.”

“मलाही होतं,” मी म्हटलं.

“तू फक्त गाडी चालवत होतास.”

हे त्यांनी माझी समजूत काढायला म्हटलं की टोमणा मारला, ते मला आजवर कळलेलं नाही.

दोन हजार सातला पुन्हा निवडणूक आली. साहेबांविरुद्ध कुणी उभं राहायचं लक्षण नव्हतं. फुसाए-सानना गोदामातून बोलावणं आलं. मी दोमोतोंच्या कॅन्टीनला रोज साठ वड्या टोफू द्यायचो, तेव्हा त्या सकाळी माझ्याच गाडीतून आल्या आणि थेट मालकांच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, तूही चल, साक्षीला.

दोमोतोंनी स्वतः चहा ओतला.

“मालक, बंदरावरून वर दवाखान्यापर्यंत बस हवी,” फुसाए-सान म्हणाल्या.

“मग हे साहेबांना सांगा की.”

“साहेबांना सांगितलं तर ते तुमच्याकडे बघणार. म्हणून सरळ इथेच आले.”

दोमोतो मोठ्याने हसले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “बाई, एक विचारू? नव्याण्णवला तुम्ही सगळे त्या जाळ्यांच्या शेडमध्ये होतात. माणूस चांगला, आवाज चांगला. तरी का पडला?”

“पैसा नव्हता.”

“मग? मी दिला. जागा दिली, माणसं दिली. दुसरं कोण आलं पुढे? आणि मी हायामीला आजवर कधी म्हटलेलं नाही की हे कर, ते कर. एकदाही नाही. विचारा त्याला.”

“म्हणावं कशाला लागतंय? तुम्ही खाकरलात तरी तो नकाशा गुंडाळतो.”

मला वाटलं, माझ्या साठ वड्या आजच बंद. पण दोमोतोंना राग आला नाही. त्यांनी चहाचा पेला रिकामा केला.

“पुढच्या सोमवारी बस देतो,” ते म्हणाले. “वीस माणसांची. ड्रायव्हर माझा, डिझेल माझं. दारावर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत. तुम्ही फक्त नेहमीसारख्या गाडीत बसा.”

मी मनात म्हटलं, सुटलो. बाईंनी पेला खाली ठेवला.

“तुमची नको मालक. गावाची हवी.”

“बसला बस. म्हाताऱ्यांना काय फरक पडतो?”

“गावाची बस बंद पडली तर लोक नगरपरिषदेत जाऊन भांडतील. तुमची बंद पडली तर तुमच्या दारात येऊन वाकावं लागेल. आणि चार वर्षांनी मी त्याच बसचं कौतुक माइकवर सांगत फिरेन. मला माहितीये ना, मी कशी आहे ते.”

इने आजींना संध्याकाळपर्यंत बातमी लागली आणि त्या काठी टेकत फुसाए-सानच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“देत होता ना तो? मग नको कशाला म्हणालीस?”

“आजी, उद्या त्याच्या मनात आलं तर…”

“उद्याचं उद्या! मला या महिन्यात रक्त तपासायचंय. तुझं तत्त्व काय मला पाठुंगळी घेऊन माळावर नेणारे?”

त्या रविवारी फुसाए-साननी आजींना माझ्या टोफूच्या गाडीत बसवलं, मला ड्रायव्हर केलं आणि दवाखान्यात नेलं. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, हे आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नाही. आजी येताना सगळ्या वाटेने शिव्या देत होत्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा नेलं.

मग फुसाए-साननी स्वतःच अर्ज भरला. नगराध्यक्षपदासाठी नाही, त्याला अनामत भरावी लागते. नगरपरिषदेच्या सदस्याला तेव्हा अनामत लागत नसे. बारा जागा, चौदा उमेदवार. नवरा बोटीवरून फोनवर म्हणाला, “तुला काय करायचंय ते कर, फक्त घर विकू नकोस.”

प्रचाराची गाडी म्हणजे माझी टोफूची गाडी. टपावर दोन भोंगे बांधले. गोदामातल्या दहा फोनांऐवजी माझ्या दुकानातला एक. त्यांनी नियम केला की कुणाकडूनही हजार येनच्या वर एक पै घ्यायची नाही. लोक हजारसुद्धा देत नव्हते. सुकं माकूल, मुळे, संत्री असं काही आणून द्यायचे.

पहिल्या दिवशी बंदराच्या चौकात गाडी थांबवली. बाईंनी हातमोजे घातले, माइक तोंडाशी धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “हायामी, हायामी, आपले हायामी…” चौकातले लोक एकदम हसत सुटले. मासळी बाजारातला एक जण ओरडला, “बाई, चुकीच्या गाडीत बसलात!” पंचवीस वर्षं दुसऱ्याचं नाव घेतलेली जीभ, स्वतःचं नाव घ्यायला तयारच नव्हती. त्या दिवसभर “इकुता फुसाए” म्हणताना दरवेळी आवाज अर्धा व्हायचा. मी ओरडायचो, “मोठ्याने! आपणच आहोत!”

पण बंदरावर त्या फार बोलल्या नाहीत. गाडीतून उतरून घरोघर गेल्या आणि दारात वाकून म्हणाल्या, “चार वर्षांपूर्वी मी दवाखान्याबद्दल तुम्हाला जे सांगितलं, ते इथे एक आणि बाकी गावात दुसरं सांगितलं होतं. मला कळत होतं. माफ करा.” काहींनी चहा दिला. एका म्हाताऱ्याने तोंडावर दार लावलं. त्या पुढच्या घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनने टोफू बंद केला. दोमोतोंनी सांगितलं की कुणी परस्पर केलं, कोण जाणे; कॅन्टीनवाल्याने मान वर न करता सांगितलं, “सध्या नको.” मी चिडून फुसाए-सानकडे गेलो.

“तुमच्या बसपायी माझा निम्मा धंदा गेला.”

“तुझं नुकसान मला भरून देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “गाडी परत ने हवी तर. मी चालत फिरेन.”

गाडी मी नेली नाही. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या गावचा एक ठेकेदार जाड पाकीट घेऊन आला. दोमोतोंशी त्याचं हाडवैर. “तुमच्यासारखी माणसं परिषदेत हवीत,” असं म्हणत त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. माझं लक्ष पाकिटावर. मी खुणेने म्हटलं, घ्या ना. बाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून त्याला परत दिलं आणि बरोबर दोन मुळे दिले, रिकाम्या हाती जायला नको म्हणून.

निकाल लागला. बारा जागांपैकी बारावी जागा फुसाए-सानची. मतं दोनशे चौदा. मागे पडलेल्याला दोनशे पाच.

नगरपरिषदेची बैठक वर्षातून चारदा. चारही वेळा बाई उठायच्या आणि तोच प्रश्न विचारायच्या, बंदर ते रुग्णालय बस कधी? नगराध्यक्ष हायामी उठायचे आणि तेच उत्तर द्यायचे, विचाराधीन आहे. मी दोनदा प्रेक्षकांत जाऊन बसलो. साहेब उत्तर देताना त्यांच्याकडे बघत नसत. बाईंनी बंदरावरच्या कुणाकुणाने तपासणी चुकवली त्याची यादी वाचायला घेतली, नावांशिवाय, फक्त वय आणि आजार. तरी बसचा ठराव सात विरुद्ध पाच मतांनी पडला.

इने आजी दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत गेल्या. मधे तीन महिने बर्फामुळे माझी गाडीही वर जाऊ शकली नव्हती. पाय काळा पडेपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये बसचा ठराव मंजूर झाला. नऊ विरुद्ध तीन. आठवड्यातून तीन दिवस, गावाची बस, गावाचा ड्रायव्हर. आम्ही दुकानात साकेची बाटली उघडली. पण मला एक गोष्ट खुपत होती. चार सदस्य एका रात्रीत फिरले कसे? फुसाए-सानना विचारलं तर म्हणाल्या, “पटलं असेल.” त्यांचं स्वतःचं पटलेलं दिसत नव्हतं.

त्याचं उत्तर पाच वर्षांनी मिळालं. तोवर बाई तिसऱ्या निवडणुकीत पडून घरी बसल्या होत्या आणि दोमोतो माळावरच्या दवाखान्यात, स्वतःच बांधलेल्या इमारतीत, शेवटचे दिवस मोजत होते. बाई त्यांना भेटायला गेल्या. मीही होतो; काही झालं तरी माणसाला भेटायला जावं. मालक खूप वाळले होते, पण डोळे तसेच.

“मालक, एक विचारायचं राहिलं होतं,” फुसाए-सान म्हणाल्या. “दहा साली ते चार जण. तुम्ही मान हलवली होतीत का?”

दोमोतोंनी लपवलं नाही. “हलवली. दवाखान्यात रोगी कमी पडत होते. रोगी नाहीत तर नवा विभाग नाही, आणि विभाग नाही तर आमच्या कंपनीला काम नाही. रोगी का येत नाहीत ते मला समजत नव्हतं. तुमच्या यादीवरून समजलं.”

“म्हणजे माझ्या बोलण्याने झालं नाही.”

“बोलला नसतात तर मला कळलं नसतं. मी मान हलवली नसती तर झालं नसतं. आता तुम्हीच ठरवा.” त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाले, “पण माझी बस घेतली असतीत तर तीन वर्षं वाचली असती.”

“हो,” फुसाए-सान म्हणाल्या. “वाचली असती. आजीही कदाचित वाचल्या असत्या.”

“मग? चुकलात?”

बाईंनी उठून मालकांच्या अंगावरची चादर सरळ केली.

“माहीत नाही मालक. रोज विचार करते. एखाद्या दिवशी वाटतं चुकले, एखाद्या दिवशी वाटतं नाही.”

दोमोतो पंधरा दिवसांनी गेले. अंत्यविधीला सगळं गाव होतं, साहेब पहिल्या रांगेत. आता कंपनी त्यांच्या मुलाकडे आहे, आणि मुलगा नव्या नगराध्यक्षांच्या मागे आहे. गोदाम तेच, फोनांच्या जागी मोबाईल आले. मागच्या निवडणुकीत मुलाने फुसाए-सानना निरोप पाठवला होता, नव्या मुलींना प्रचाराच्या गाडीतून बोलायला शिकवाल का म्हणून. बाईंनी शिकवायचं कबूल केलं. तीन मुली आल्या. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना बंदरावर नेलं आणि कोणत्या घरात कोण राहतं, कुणाला काय दुखतं, ते नावानिशी पाठ करायला लावलं. एक मुलगी तिसऱ्या दिवशी आली नाही. दोघी अजून येतात.